बुडबुडे येतायत, तरी सॅच्युरेशन पडतंय: घरच्या ऑक्सिजन मशीनचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. मशीन (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर) चालू आहे, आवाज नेहमीचाच आहे, फ्लोमीटरमधली गोळी २ वर, म्हणजे मिनिटाला २ लिटरवर आहे, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतायत. पण बोटाला लावलेला, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी म्हणजे सॅच्युरेशन मोजणारा ऑक्सिमीटर ९२ वरून ८७ वर आणि मग ८५ वर उतरतोय. मधूनच शुद्धता कमी झाल्याचा पिवळा दिवा लागतो आणि आपोआप विझतो. टेक्निशियन येऊन फिल्टर झटकून जातो, दोन आठवडे बरे जातात, आणि पुन्हा तेच.

यात सगळ्यात जास्त घात होतो तो बुडबुड्यांवर विसंबल्याने. बुडबुडे एवढंच सांगतात की बाटलीतून हवा जातेय. ती ९३ टक्के ऑक्सिजनची आहे की ५० टक्क्यांची, हे बुडबुड्यांवरून कळत नाही आणि गोळीवरूनही नाही. शुद्धता ९३ वरून ५० वर घसरली, तर साध्या हवेपेक्षा जो जादा ऑक्सिजन पेशंटला मिळायला हवा, त्यातला जेमतेम ४० टक्के पोचतो. म्हणजे २ लिटरवर ठेवलेलं मशीन ०.८ लिटरचं काम करतं, आणि दिसायला सगळं ठीकच दिसतं. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: पेशंटच्या नाकापर्यंत किती पोचतंय, आणि जे पोचतंय ते काय आहे?

आधी पेशंट, मग मशीन

डॉक्टरांनी दिलेल्या आकड्याच्या खाली सॅच्युरेशन गेलं आणि पाच मिनिटांत सावरलं नाही, तर मशीन उघडत बसू नका. सिलिंडर जोडा, डॉक्टरांना फोन करा. ओठ निळसर दिसत असतील, वाक्य पूर्ण करताना धाप लागत असेल किंवा पेशंट गुंगीत असेल, तर १०८ ला फोन करा. घरात बी टाइप सिलिंडर भरलेला हवाच. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो; २ लिटरने हिशेबाने साडेबारा तास पुरतो, पण अकराच धरा. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा. ऐन वेळी चावी कपाटात शोधायची वेळ येते, ती येऊ देऊ नका.

आकडा पडला म्हणून फ्लोची खुंटी आपल्या मनाने फिरवू नका. सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या) बऱ्याच पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ हीच मर्यादा घालून देतात. त्यांना जादा ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा झोप येणं ही त्याची लक्षणं. शिवाय मशीन कमजोर झालं असेल तर फ्लो वाढवल्याने शुद्धता आणखी पडते. ते कसं, ते पुढे येईल.

ऑक्सिमीटरही खोटं बोलतो. नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, हात गार पडले असतील, तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, बोट स्थिर ठेवा, एक मिनिट थांबून आकडा घ्या, मग दुसऱ्या हातावर घ्या. घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटालाही लावून बघा. त्याचाही आकडा ९० दाखवला तर मशीनचा दोष नाही, ऑक्सिमीटरचे सेल बदला.

मशीनच्या पोटात काय चालतं

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि सुमारे १ टक्का आरगॉन असतो. कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या नळकांड्यात घालतो. त्या नळकांड्याला सिव्ह बेड म्हणतात. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. बेड नायट्रोजनने भरत आला की व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्या बेडकडे वळते आणि पहिल्याचा दाब सोडला जातो; धरलेला नायट्रोजन फुस्सकन बाहेर पडतो. दुसऱ्या बेडमधल्या थोड्या ऑक्सिजनने पहिला धुऊन निघतो. काही सेकंदांच्या अंतराने हे अखंड चालू असतं. मशीनजवळ बसल्यावर लयीत जो 'फुस्स' ऐकू येतो तो हाच.

आरगॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच राहतो, त्यामुळे शुद्धता ९५-९६ च्या वर जाऊच शकत नाही. कुणी ९९ टक्के दाखवून खूश करत असेल, तर त्याचा अॅनालायझर (ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं यंत्र) आधी मोकळ्या हवेत धरा. तिथे २०.९ यायला हवा.

मशीन सुरू केल्यावर पूर्ण शुद्धता यायला पाच-दहा मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद असलेल्याला वीसही लागतात. तेवढ्या वेळात पिवळा दिवा लागला तर घाबरू नका.

नळी आणि बाटली

निम्म्याहून जास्त वेळ प्रश्न इथेच सुटतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मशीन २ वर ठेवा. बाटलीतून निघणारी नळी बाटलीजवळच दुमडून चिमटीत घट्ट दाबा आणि कान द्या. काही सेकंदांत बाटलीच्या झाकणावरची सेफ्टी शिट्टी वाजली पाहिजे. वाजली तर मशीनपासून बाटलीपर्यंत सगळं हवाबंद आहे. नाही वाजली, तर झाकणातून हवा गळतेय. आणि गंमत बघा, झाकण गळत असतानाही बुडबुडे मस्त येत राहतात, कारण हवा पाण्यातून वर आल्यावर गळते. झाकणाचे आटे वाकडे बसले असतील, आतला रबरी वॉशर दुमडला किंवा वाळला असेल. नीट बसवून पुन्हा दाबून बघा. तरी शिट्टी नाही तर बाटली बदला.

आता हीच चिमटी पेशंटच्या टोकाला, कॅन्युलाजवळ (नाकात घालायच्या दोन टोकांच्या नळीजवळ) लावा. बाटलीजवळ शिट्टी वाजते आणि इथे वाजत नाही, म्हणजे मधल्या नळीत किंवा जोडात गळती आहे. खाटेचा पाय, दाराची फट, व्हीलचेअरचं चाक ही नळी चिरडण्याची नेहमीची ठिकाणं. नळीची एकूण लांबी १५ मीटरच्या आत ठेवा, आणि तुकडे जोडून जोडून लांबवू नका. जितके जोड तितकी गळती. शेवटी कॅन्युलाची टोकं पाण्याच्या ग्लासात धरा. दोन्ही छिद्रांतून सारखे बुडबुडे यायला हवेत. एकातूनच आले तर दुसरं बुजलंय. कॅन्युला दोन ते चार आठवड्यांनी बदलायची असते. पिवळी पडून कडक झालेली वापरत राहणं ही काटकसर नव्हे.

नाक कोरडं पडतं म्हणून आपल्याकडे तूप किंवा खोबरेल सोडतात. ऑक्सिजन चालू असताना हे बंद करा. छिद्रं बुजतात हे एक, पण तेल-तूप आणि ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीलाही पेट घेतात, हे जास्त महत्त्वाचं. पाण्यावर आधारलेली जेल मिळते, ती लावा. पेट्रोलियम जेलीही नको.

बाटलीत पाणी खुणांच्या मध्येच, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं. रोज बदला. खुणेच्या वर भरलं तर पाणी नळीत चढतं आणि नळीच्या झोळात साचून फ्लो अडवतं. ३-४ लिटरच्या खाली फ्लो असलेल्या बऱ्याच जणांना बाटलीची गरजच नसते. डॉक्टरांना विचारून ती काढून टाकता आली, तर गळतीची एक जागा कायमची गेली.

फिल्टर, भिंत, उदबत्ती

बाहेरचा स्पंजचा फिल्टर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, पूर्ण वाळवा. 'पूर्ण' हा शब्द कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये महाग पडतो, म्हणून दोन फिल्टर ठेवा आणि आलटून पालटून वापरा. ओला फिल्टर घाईने बसवणं म्हणजे बेडला पाणी पाजणं. आतला पांढरा किंवा नमद्याचा फिल्टर मात्र धुवायचा नसतो. काळा पडला की बदलायचा.

मशीन भिंतीपासून किमान एक फूट लांब हवं. खाटेखाली, पडद्यामागे, कपाटात नको. आवाज येतो म्हणून कोपऱ्यात ढकलून त्यावर चादर टाकलेली मशीनं मरतात ती गरमीने. देवघराची उदबत्ती, धूप, फोडणीचा धूर सगळा फिल्टरमध्ये जातो. शिवाय समई, निरांजन, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट यांपासून मशीन, नळी आणि नळी लावलेला माणूस तीन मीटर लांबच असले पाहिजेत. आरतीला त्यांना तबकापर्यंत आणू नका, आणि तबकही त्यांच्या चेहऱ्यापाशी नेऊ नका.

दमटपणा आणि गरमी: पुन्हा पुन्हा येण्याचं खरं कारण

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी फार जास्त आवडतं. एकदा पाण्याचा रेणू दाण्यात घुसला की मशीनच्या नेहमीच्या दाबाच्या चढउताराने तो सहज बाहेर येत नाही. तेवढी जागा नायट्रोजनसाठी कायमची गेली. बेडच्या तोंडाशी ओल शोषणारा थर असतो, तो रोजची ओल अडवतो आणि दाब सुटताना बाहेर टाकतो. पण मशीन चालू असेल तरच. बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये ओल हळूहळू आत सरकत राहते.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेली कितीतरी मशीनं नंतर माळ्यावर गेली आणि दोन-तीन पावसाळे काढून आजोबांसाठी खाली आली. तास मोजणारं मीटर जेमतेम ३०० तास दाखवतं, मशीन नव्यासारखं चकाकतं, आणि शुद्धता ७० च्या पुढे जात नाही. त्यात नवल काही नाही. वापर नसला तरी महिन्यातून एकदा काही तास मशीन चालवायलाच हवं. आणि एकदा सुरू केलं की अर्धा तास तरी बंद करू नका. दहा मिनिटं चालवून बंद करण्याची सवय वाईट. आत साठलेली ओल तशीच राहते.

गरमीचं गणित वेगळं आहे. झिओलाइट जितकं तापेल तितकं नायट्रोजन कमी धरतं. बहुतेक मशीनं ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याच्या वर पारा जातोच. तिथली खूण ठरलेली आहे: दिवा दुपारी दोन ते पाचमध्ये लागतो, रात्री मशीन निर्दोष चालतं आणि सकाळी आलेल्या टेक्निशियनला काहीच सापडत नाही. कॉम्प्रेसर फारच तापला तर आतला थर्मल कटआउट मशीन बंद पाडतो आणि थंड झाल्यावर ते पुन्हा सुरू होतं. उपाय साधा आहे: मशीन घरातल्या सर्वात गार खोलीत हलवा आणि नळी लांब घ्या. कूलरच्या झोताखाली मात्र ठेवू नका, ती ओली हवा असते.

व्होल्टेज आणि इन्व्हर्टर

गावाकडे संध्याकाळी पंप आणि टीव्ही एकदम सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं. कॉम्प्रेसर दमतो, दाब चढत नाही, शुद्धता पडते. दिवा रोज संध्याकाळी सात-आठच्या सुमारास लागत असेल, तर फिल्टर धुण्याआधी मल्टिमीटर लावा. २०७ ते २५३ च्या बाहेर जात असेल तर ५ लिटरच्या मशीनला १ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. सैल सॉकेट आणि लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डही हाच त्रास देतात. प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदला.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुणगुणतो, तापतो आणि लवकर जातो. साडेतीनशे वॉटचं मशीन १५० एएचच्या नव्या बॅटरीवर तीन-साडेतीन तास चालतं, जुन्या बॅटरीवर दोन. रात्रभराचं भारनियमन त्यावर निघत नाही, तिथे सिलिंडरच लागतो. चोवीस तास चालवलं तर महिन्याला सुमारे २५० युनिट येतात. बिल वाचवायला रात्री मशीन बंद करणारी घरं आहेत. ज्यांना झोपेतही ऑक्सिजन सांगितला आहे, त्यांच्या बाबतीत हे करू नका.

टेक्निशियनला काय मोजायला सांगायचं

हातात मावणारा ऑक्सिजन अॅनालायझर त्याने आणलाच पाहिजे. नसेल तर त्याने नुसतं 'ओके' म्हणण्याला अर्थ नाही. मशीन अर्धा तास चाललेलं असावं, बाटली काढून थेट आउटलेटला (मशीनमधून ऑक्सिजन बाहेर येतो त्या तोंडाला) मोजावं, आणि १, २, ३, ५ लिटरवर प्रत्येकी दहा मिनिटं थांबून आकडा लिहावा.

चारही ठिकाणी ९० च्या वर आले तर मशीन चांगलं आहे, दोष नळीत, खोलीत किंवा विजेत आहे. १-२ लिटरला ९३ आणि ५ ला ७५ आला, तर बेडची ताकद घटलीय किंवा कॉम्प्रेसर थकलाय. फ्लो वाढवला की हवा बेडमधून लवकर पळते आणि नायट्रोजन धरायला वेळ उरत नाही, म्हणून हा उतार दिसतो. पेशंटला २ लिटरच लागत असतील तर असं मशीन काही काळ चालवता येतं, पण दुरुस्तीची तयारी ठेवा. सगळीकडेच कमी असेल तर बेडचा दाब बघायला सांगा: दाब नीट चढतोय आणि शुद्धता नाही, तर बेड गेले, दाबच चढत नाही, तर कॉम्प्रेसर किंवा आतली गळती, दाब नेहमीपेक्षा जास्त आहे, तर नायट्रोजन बाहेर टाकणारा मफलर चोंदलाय. 'फुस्स'ची लय मोडली असेल किंवा सतत सूं आवाज येत असेल, तर व्हॉल्व्ह. बाटलीत किंवा आउटलेटच्या फिल्टरवर पांढरी भुकटी दिसली तर दाणे एकमेकांवर घासून झिजतायत. मशीन तिथेच थांबवा.

बेड बदलून तीन महिन्यांत पुन्हा तक्रार येते, त्याची दोन कारणं आहेत. एक, बेड बदलला पण चोंदलेला मफलर किंवा गळका इनलेट (हवा आत घेणारा भाग) तसाच ठेवला, म्हणजे रोग तिथेच. दोन, कंपनीचा सीलबंद बेड न घालता जुन्या नळकांड्यात सुटं झिओलाइट भरलं. उघड्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, पोतं उघडून ओतलेलं झिओलाइट भरता भरताच ओल पितं. घट्ट ठासलं नाही तर दाणे हलतात आणि भुकटी होते. शिवाय मूळ बेडमध्ये लिथियमचं झिओलाइट असेल आणि भरताना स्वस्त सोडियमचं घातलं, तर तेवढ्याच जागेत ते नायट्रोजन कमी धरतं. भरणावळ स्वस्त पडते हे खरं, पण ज्यावर माणूस श्वास घेतो तिथे आम्ही ती सुचवणार नाही. दुरुस्तीनंतरचे चारही आकडे बिलावर लिहून घ्या, आठ दिवसांनी पुन्हा मोजायला लावा.

'१ ते ७ लिटर' लिहिलेलं हलकं मशीन असेल तर दोष शोधूच नका. त्यातली कित्येक १ लिटरला ९० देतात आणि ७ ला ३० च्या आसपास. ती बिघडलेली नाहीत, तशीच बनवलेली आहेत.

खांद्यावरचं पोर्टेबल मशीन

इथे तक्रार तीच, कारणं वेगळी. दोन-तीन किलोचं हे मशीन सतत ऑक्सिजन सोडत नाही. श्वास आत घेतल्याची चाहूल लागली की एक छोटा झोत सोडतं. याला पल्स म्हणतात. कल्पना चांगली आहे: श्वासाचा पहिला भाग फुप्फुसात खोल जातो, शेवटचा भाग नळ्यांतच राहून परत येतो, मग तिथे ऑक्सिजन कशाला वाया घालवायचा?

पण '२' म्हणजे २ लिटर नव्हे. तो नुसता पायरीचा नंबर आहे. एका प्रचलित प्रकारात २ नंबरला मिनिटाला साधारण ४२० मिलिलिटर ऑक्सिजन तयार होतो आणि तो श्वासांत वाटला जातो. मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येकी २१ मिलिलिटर. जिना चढताना श्वास ३० झाले तर १४. म्हणजे गरज वाढते तेव्हाच घोट लहान होतो. बसल्या जागी ९३ आणि रिक्षापर्यंत चालत गेल्यावर ८६, याचं कारण बहुतेकदा हेच. मशीन बिघडलेलं नसतं. डॉक्टरांसमोर सहा मिनिटं चालवून, ऑक्सिमीटर लावून नंबर ठरवून घ्या. बसण्याचा वेगळा, चालण्याचा वेगळा.

पाण्याच्या ग्लासाची परीक्षा इथे चालत नाही, कारण श्वास नाही तर झोत नाही. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा आणि प्रत्येक श्वासाला दिवा लुकलुकतो का बघा. श्वास सुटत असतील तर पहिला संशय नळीवर: पल्ससाठी साधारण ७ फुटांची एकेरी नळी लागते. लांब नळीत श्वासाची ओढ मशीनपर्यंत उशिरा पोचते. पाण्याची बाटली मध्ये घातली तर पोचतच नाही, म्हणून पल्सला बाटली कधीच जोडू नका. बायपॅपलाही (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रालाही) पल्स मशीन जोडू नका.

तोंडाने श्वास घेणाऱ्यांना आणि झोपेत हलका श्वास घेणाऱ्यांना चाहूल चुकते. म्हणून रात्रीसाठी घरचं मोठं मशीन, आणि पोर्टेबल दिवसा बाहेर पडताना. डॉक्टरांनी झोपेत तपासून परवानगी दिली असेल तरच उलट करा.

याच्या बेडना कॉलम म्हणतात. काही मॉडेलमध्ये ते घरीच बदलता येतात, आणि साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावे लागतात. मशीन बंद करा, बॅटरी काढा, खिट्टी दाबून दोन्ही कॉलम बाहेर ओढा. नव्यांची टोपणं बसवण्याच्या क्षणीच काढा, आधी काढून टेबलावर ठेवली की ओल शिरायला सुरुवात झालीच. दोन्ही एकाच वेळी बदला. शेवटी मेनूमध्ये जाऊन कॉलम रीसेट करा. नवे कॉलम घालूनही 'कॉलम बदला' हा संदेश जात नाही अशी तक्रार येते, तिथे बहुतेक वेळा ही एक पायरी राहिलेली असते.